ब्लू कट काच नेमकं काय अडवते?

चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काच विकताना बरेचदा एक प्रयोग दाखवतात. पेनाएवढ्या टॉर्चचा झोत साध्या काचेतून कार्डावर पाडला की ठळक ठिपका उमटतो. ब्लू कट काच मध्ये धरली की तो नाहीसा होतो. प्रयोग खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. अशा टॉर्चचा प्रकाश सहसा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे खरं तर जांभळा असतो. मोबाइलच्या एलईडीचा निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरपाशी सर्वाधिक तीव्र असतो आणि तिथे हीच काच फारसं अडवत नाही. एकूण निळ्यापैकी जेमतेम १० ते २५ टक्के प्रकाश ती गाळते. जास्त गाळायचा तर काच उघड पिवळी दिसू लागेल. शिवाय स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसा आभाळातून येणाऱ्याच्या तुलनेत अगदी नगण्य असतो. दृष्टिपटलाला इजा झाल्याचे जे दाखले देतात, ते प्रखर प्रकाशात ठेवलेल्या पेशींचे किंवा प्राण्यांचे आहेत.

‘पण ब्लू कट घेतल्यापासून माझं डोकं दुखायचं थांबलं,’ असं अनेकजण सांगतात. त्यांना वाटणारा आराम खराच असतो. मात्र नव्या चष्म्याबरोबर नंबरही नव्याने तपासलेला असतो, काचेवर अँटिग्लेअरही असतं. मग श्रेय कशाला द्यायचं? म्हणूनच निळा प्रकाश गाळणाऱ्या आणि न गाळणाऱ्या काचांची थेट तुलना हवी. अशा १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०२३मध्ये प्रसिद्ध केला. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात या काचा सरस ठरल्या नाहीत. झोपेबाबतचे निकाल उलटसुलट निघाले. चाचण्या लहान होत्या, जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या, हा आक्षेप रास्तच आहे. पण दीर्घकाळात फायदा होतो हे दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी उघडझाप स्क्रीनसमोर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, डोळ्यांवरचा अश्रूंचा थर सुकतो, आणि एसीत तर आणखी लवकर. त्यात जवळ पाहताना डोळ्यांतले स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. त्यावर दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब पाहणं हा फुकटातला उपाय आहे.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मुलांचा नंबर वाढू नये म्हणून पालकांनी या काचेवर भिस्त ठेवणं. तसा पुरावा नाही. मोकळ्या उजेडाचा मात्र आहे: चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं, तेव्हा तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. ज्या शाळांत तसं केलं नव्हतं, तिथे ३९.५ टक्के.