पहिल्याच्या सावलींतलें दुसरें

एखाद्या संगीतकाराचें काम लोकांच्या मनांत घर करून बसलें, म्हणजे त्याच्या पुढच्या कामाविषयीं श्रोत्यांच्या तोंडून निघणारें पहिलें वाक्य बहुधा ठरलेलें असतें : ‘चांगलें आहे, पण पहिल्यासारखें नाहीं.’ हें वाक्य आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, त्याचा अर्थ काय याचा विचार करावयाचें राहूनच जातें. आज तो विचार थोडासा करूं.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. २९ एप्रिल २०१६ रोजीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचें संगीत अजय व अतुल गोगावले या बंधूंचें. गाणीं अवघीं चार. वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण थेट अमेरिकेंत, लॉस एंजेलिस येथें झालेलें. शब्द मात्र भीमाकाठचे. चित्रपटाचें चित्रण झालें तें मुख्यतः करमाळा तालुक्यांत. उजनी धरणाचें पाणी मध्यें पसरलें आहे आणि अलीकडच्या तीरावर इंदापूर तालुका आहे. पाणी ओलांडलें कीं जिल्हा बदलतो. बोली बदलत नाहीं. म्हणून इंदापूर-बारामतीकडील श्रोत्याला तीं गाणीं नुसतीं आवडलीं नाहींत, तीं त्याला आपलीं वाटलीं. ‘याड’ हा शब्द शाळेंत उच्चारला असतां गुरुजींनीं तो ‘वेड’ असा सुधारून घेतला असता. तोच शब्द आतां व्हायोलिनांच्या भरघोस साथीनें सगळा महाराष्ट्र गाऊं लागला. या आनंदांत संगीताबरोबरच मानाचाहि वाटा होता, हें विसरूं नये.

यानंतर सव्वापांच महिन्यांनीं, ७ ऑक्टोबर २०१६ रोजीं, याच बंधूंच्या संगीताचा ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक गिरीश कुलकर्णी. विषय ग्रामीण राजकारणाचा. अशा वेळीं घरोघरीं जीं मतें ऐकूं येतात, त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला दुसरें ‘झिंगाट’ हवें असतें. ‘डॉल्बीवाल्या’ ऐकून तो म्हणतो, ठेका आहे, पण तो कैफ नाहीं. दुसरा वर्ग उलट तक्रार करतो, कीं हें तर मागचेंच पुन्हां वाजविलें! तिसरा वर्ग कमी बोलतो. ‘वाट दिसू दे’ सारखें एखादें गाणें तो बाजूला काढतो आणि शांतपणें ऐकत राहतो.

पहिल्या दोघांचें म्हणणें परस्परविरुद्ध आहे, परंतु त्यांची चूक एकच आहे. जें गाणें आपण वरातींत, मिरवणुकींत, मित्रांच्या घोळक्यांत शेंकडों वेळां ऐकलें, त्याच्याशीं आपण दोनदां ऐकलेल्या गाण्याची तुलना करतों. पहिल्या गाण्याला आतां आपल्या आठवणींची साथ मिळालेली असते. दुसरें बिचारें एकटेंच उभें असतें. शिवाय पहिलें आलें तेव्हां आपण कांहीं मागितलें नव्हतें. दुसऱ्याच्या वेळीं आपण माप हातांत घेऊनच बसतों.

मग जुनीच चाल पुन्हां दिली तर श्रोता तृप्त होतो काय? त्याचीहि परीक्षा झाली आहे. २० जुलै २०१८ रोजीं ‘सैराट’ वरून केलेला ‘धडक’ हा हिंदी चित्रपट आला. संगीतकार तेच, चार गाण्यांपैकीं दोन नवीं आणि दोन जुन्या चालींचीं. ‘झिंगाट’ हिंदी शब्द लेऊन आलें, ‘याड लागलं’ ची चालहि हिंदींत गेली. चाल तीच, गळा अजय यांचाच. तरीहि पुष्कळ मराठी श्रोते हळहळले. कारण उघड आहे. चाल उचलून नेतां येते. तिच्याखालची माती नेतां येत नाहीं. अर्थात् ज्यानें मूळ गाणें ऐकलेंच नव्हतें, त्याला ही उणीव भासण्याचें कारण नव्हतें, आणि त्याचा आनंद खोटा म्हणण्याचा अधिकारहि आपल्याला नाहीं.

बारामतीला तर या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच मिळालेलें आहे. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) याच गांवीं राहून एकशेआठ रामायणें रचिलीं, अशी त्यांची ख्याति आहे. कथा एकच, पण दर वेळीं कवीनें स्वतःला नवी अट घालून घेतली. ‘निरोष्ठ रामायणां’ त तर ओष्ठ्य वर्णच वर्ज्य केले. आर्येवर एवढें प्रभुत्व असतांहि ‘केकावली’ साठीं त्यांनीं पृथ्वी वृत्त निवडलें. ‘आम्हांला आर्याच हवी’ असा हट्ट धरून तें ऐकत नाहीं, त्या श्रोत्याची केकावली कायमची हुकते.

श्रोत्याचें मत ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपण सतत ‘तसेंच पुन्हां द्या’ म्हणत राहिलों, तर कलावंत एक दिवस तसेंच पुन्हां देऊं लागेल आणि मग कंटाळाहि आपल्यालाच येईल. तेव्हां दुसरें गाणें ऐकतांना ‘हें पहिल्यासारखें आहे काय?’ असें विचारण्याऐवजीं ‘हें काय करूं पाहत आहे, आणि तें त्याला साधलें काय?’ असें विचारावें. साधलें नसेल, तर तसें खुशाल म्हणावें. पण निदान दहा वेळां ऐकल्यावर म्हणावें. पहिल्या गाण्यालाहि आपण तेवढा वेळ दिलाच होता.