मासा तळायलाच हवा असं कुणी सांगितलं?

हृदयविकाराचा किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी ‘मटण कमी करा, त्याऐवजी मासे खा’ असं सांगावं, हा मासे खाणाऱ्या घरात जवळपास आनंदाचाच क्षण असतो. पथ्य असावं तर असं! मग येत्या रविवारी सुरमईच्या जाडजूड तुकड्या घरी येतात. मसाला लावून, रव्यात घोळवून त्या कढईभर तेलात तळल्या जातात. उरलेलं तेल गाळून ठेवलं जातं आणि आठवडाभर भाजी-आमटीत वापरलं जातं. सुरमई महाग असल्यामुळे पुढचा मासा थेट महिन्याभराने. पथ्य पाळल्याचं समाधान मिळतं, पण पथ्याचा हेतू मात्र त्या कढईतच राहतो.

माशाचा फायदा हवा असेल तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक म्हणजे कोणता मासा आणतो आणि दुसरी म्हणजे तो कसा शिजवतो. दोन्ही बदल स्वस्त आहेत आणि चवीला उणे तर मुळीच नाहीत.

पाटीतला स्वस्त मासा

माशाच्या ज्या गुणाची सगळीकडे चर्चा होते, ती ‘ओमेगा-३’ प्रकारातली स्निग्धाम्लं. त्यातली ‘ईपीए’ आणि ‘डीएचए’ ही दोन माशांतून थेट मिळतात. जवस, अक्रोड यांतही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं. त्यापासून आपलं शरीर ही दोन आम्लं फारच थोडी तयार करू शकतं.

१९७०च्या दशकात हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न ड्यूरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांच्या आहाराचा आणि रक्ताचा अभ्यास केला आणि तेव्हापासून जगाचं लक्ष या स्निग्धाम्लांकडे गेलं. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले. माशाच्या तेलाच्या गोळ्यांबाबतही सगळे प्रयोग एकाच दिशेने गेले नाहीत. मासा जेवणातून खावा, याबद्दल मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा सल्ला देते, शक्यतो तेलकट मासे आणि तळलेले नकोत. एका वेळचं प्रमाण साधारण ८५ ग्रॅम शिजलेला मासा, म्हणजे मध्यम आकाराचे एक-दोन बांगडे.

आपल्या किनाऱ्यावर तेलकट मासे म्हणजे बांगडा, तारली आणि पेडवे. पापलेट-सुरमईच्या तुलनेत ते कितीतरी स्वस्त मिळतात. शिवाय मोठे शिकारी मासे लहान माशांना खाऊन जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठत जातो. लहान माशांत तो कमी असतो. म्हणूनच गरोदर स्त्रियांना मोरीसारखे मोठे मासे टाळून लहान मासे खायला सांगतात. मांदेलीसारखा मासा काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही मिळतं.

मासा इतक्या लवकर का शिजतो?

मटणाला तासभर लागतो आणि मासा दहा मिनिटांत तयार होतो. मासा पाण्यात तरंगतो, त्यामुळे त्याला शरीराचा भार पेलण्यासाठी चिवट स्नायू लागत नाहीत. त्याचे स्नायूतंतू आखूड असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे पातळ पडदे थोड्याच उष्णतेने विरघळतात. पन्नास-साठ अंश सेल्सिअसला माशातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात. त्यापुढे तो शिजवत राहिलो की पाणी सुटतं आणि मासा कोरडा, चोथ्यासारखा होतो. ‘घरी मासा जमत नाही’ अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा तो जास्त शिजलेला असतो.

एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. तुकडी सगळ्यात जाड असेल तिथे एक इंचाला साधारण दहा मिनिटं. शिजला का हे पाहण्यासाठी काट्याजवळ सुरीचं टोक घालावं. मांस काचेसारखं न दिसता पांढरट दिसलं आणि काट्यापासून सहज सुटलं की गॅस बंद.

वासाचं काय?

अनेक घरांत मासा शिजत नाही तो वासामुळे. समुद्री माशाच्या अंगात एक बिनवासाचं संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून ‘ट्रायमिथाइल अमाइन’ तयार करतात आणि तोच तो उग्र वास. म्हणजे जितका मासा शिळा तितका वास जास्त. हे अमाइन अल्कधर्मी असतं. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो आणि मग ते हवेत उडत नाही. आमसूल, चिंच, लिंबू, कैरी यांपैकी काहीतरी माशाच्या प्रत्येक कालवणात का असतं, याचं उत्तर इथे आहे. रोहू, कटला अशा गोड्या पाण्यातल्या माशांना कधी कधी येणारा मातकट वासही आंबटामुळे कमी होतो.

मात्र लिंबू लावून मासा तासन्‌तास ठेवू नये. आम्लानेही प्रथिनं घट्ट होतात आणि मासा भुसभुशीत होतो. मीठ, हळद, लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

न तळता चार प्रकार

तिखलं : मालवणकडचा हा प्रकार बांगड्यासाठीच जन्मल्यासारखा आहे. चार बांगड्यांच्या तुकड्या कराव्यात. सात-आठ तिरफळं बिया काढून, थोडी ठेचून पाण्यात भिजवावीत. पातेल्यात दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, ठेचलेला लसूण, पाच-सहा आमसुलं, मीठ, तिरफळं त्याच्या पाण्यासकट आणि चमचाभर खोबरेल तेल घालावं. मासा जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून आधी हा मसालाच तीन-चार मिनिटं उकळावा. मग तुकड्या सोडून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. डाव घालून ढवळू नये, पातेलंच धरून हलवावं. भाकरी किंवा उकडा भात असला की आणखी काही लागत नाही.

भुजणं : पालघर-वसई-रायगड पट्ट्यातल्या घरांतला हा प्रकार. बटाट्याच्या पातळ चकत्या, भरपूर चिरलेला कांदा, मिरची-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ, थोडी चिंच किंवा कैरी आणि दोन चमचे तेल हाताने नीट कालवावं. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावं. बटाटा शिजत आला की वरून बोंबील मांडावेत. बोंबलात पाणी खूप असतं, त्यामुळे पाच-सहा मिनिटांत काम होतं. फोडणी नाही, परतणं नाही, त्यामुळे नवशिक्यालाही जमतं.

पानातला मासा : पारशी घरांतली ‘पात्रानी मच्छी’ पापलेटची असते, पण ही पद्धत बांगड्याला आणि रोहूच्या तुकडीलाही चालते. कोथिंबीर, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, जिरं आणि लिंबाचा रस यांची घट्ट चटणी वाटावी. माशाला चिरा देऊन दोन्ही बाजूंनी ती भरावी. शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात किंवा पातेल्यावर चाळणी ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवावा. तेलाचा थेंबही लागत नाही आणि वास पानातच राहतो.

तव्यावरचा मासा : कुरकुरीतपणाशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी. मासा आधी कोरडा पुसावा, मसाला पातळ लावावा, वर रव्याचा हलका थर. तापलेल्या तव्यावर दोन चमचे तेल आणि मध्यम आच. पहिली तीन-चार मिनिटं मासा हलवू नये. खालची बाजू घट्ट झाली की तो स्वतःच तव्यापासून सुटतो. मग एकदाच उलटावा.

कढईत तळताना मासा तळणीचं तेल शोषतो आणि त्याची स्वतःची काही स्निग्धता त्या तेलात उतरते. तव्यावर हा व्यवहार मर्यादित राहतो, कालवणात तर जे सुटतं ते रश्श्यातच राहतं आणि आपल्या पोटात जातं.

बर्फाचा हिशेब

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात ‘हिस्टामिन’ तयार होतं. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होऊ शकतो. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. हिस्टामिन शिजवून जात नाही आणि गोठवूनही नाही. म्हणून बाजारात डोळे फुगीर आणि चमकदार आहेत ना, कल्ले लाल आहेत ना, बोट दाबल्यावर मांस परत वर येतं ना, हे पाहावं. बाजारहाटात मासे शेवटी घ्यावेत, बर्फासकट पिशवीत घालून थेट घरी यावं आणि साफ करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत. गोठवलेला मासाही ओट्यावर नाही, फ्रिजमध्येच वितळू द्यावा.

युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी तारलीसारखे मासे किती खावेत, हे डॉक्टरांना विचारावं. माशांची खरी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी प्रयोग करू नयेत.

बाकीच्यांनी येत्या आठवड्यात एवढंच करून पाहावं. रविवारची सुरमई राहू दे, पण बुधवारी संध्याकाळी चार बांगडे आणावेत आणि तिखलं करावं. बाजारातून आल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात जेवण होतं, कढई निघत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पहिल्यांदा खरोखर ताटात येतं.