बिनगियरची गाडी रुसली तर

धार आणि देवास ही नावे मराठी घरांत पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. देवासास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच नगरात नांदत असत. आज मात्र धार जिल्ह्याचे नाव यंत्रांच्या संदर्भात अधिक ऐकू येते, ते पिथमपूरमुळे. याच पिथमपुरात फिरोदियांनी जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी करून १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली. ना गियर, ना क्लचचा दांडा. बटण दाबावे, मूठ पिळावी आणि निघावे. १९९८ साली होंडा या भागीदारीतून बाहेर पडली व २००८ साली तो धंदा महिंद्रांकडे गेला. परंतु बिनगियरच्या गाडीची लोकांना लागलेली सवय काही गेली नाही.

अशीच एक जुनी बिनगियरची स्कूटर देवासला माझ्या आत्याकडे आहे. आत्या शिवणकाम करते आणि तयार कपडे घरोघर पोचविते. म्हणजे गाडी थांबली की मिळकत थांबली. मागच्या हिवाळ्यात दिव्यांची वायर जळाली, म्हणून तिने नवे वायरिंग करून घेतले. दिवे लखलखू लागले, पण दुसऱ्याच दिवशी गाडी चढ चढेना. एका कारागिराने बाहेरूनच पाहून निदान केले : पट्टा, रोलर, क्लच, सर्व संच बदला. खर्च आत्याच्या महिन्याच्या कमाईएवढा.

शेजारच्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र आधी एकच प्रश्न विचारला.

"आत्याबाई, सकाळी गार असताना कशी चालते?"

"तेव्हा बरी चालते हो! बाजारापर्यंत गेलं की गुदमरते."

"मग पट्ट्याला कशाला दोष द्यायचा?"

हे उत्तर समजण्यासाठी आतली रचना पाहिली पाहिजे. इंजिनाच्या बाजूला दोन तबकड्यांची एक कप्पी असते व तिच्यात जड रोलर असतात. इंजिन वेगाने फिरू लागले की रोलर बाहेर सरकतात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात. त्यामुळे पट्टा कप्पीच्या कडेकडे चढतो आणि गाडीला वेग मिळतो. मागच्या कप्पीजवळ क्लच असतो. ठराविक फेरे झाल्यावरच तो चाकाला धरतो. हा सगळा कारभार वजन, स्प्रिंग आणि पट्टा यांचा. विजेशी त्याचा थेट संबंध नाही. परंतु इंजिनाचे फेरेच चढले नाहीत तर रोलर हलणार कसे? दोष इंजिनात आणि आळ पट्ट्यावर, असे पुष्कळदा होते.

मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मुलांना दूर उभे केले आणि मूठ हळूहळू पिळली. इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, जळक्या रबराचा वास येतो, अशी स्थिती असेल तर पट्टा किंवा क्लच घसरतो आहे. निघताना थरथर होते ती बहुधा क्लचची. इंजिन मोकळेपणाने फिरूनही वेग एका ठिकाणी अडकतो, तेव्हा रोलर व पट्टा उघडून पाहावा. येथे यांपैकी काहीच नव्हते. इंजिनच गुदमरत होते, आणि प्लग काढला तो काळा व ओला निघाला. म्हणजे पेट्रोल जास्त जात होते.

अनेक बिनगियर गाड्यांत चोक आपोआप बंद होतो. कार्ब्युरेटरला चिकटून एक लहानसा तापणारा भाग असतो. इंजिन चालू झाल्यावर त्याला वीज मिळते आणि काही मिनिटांत जादा पेट्रोलची वाट तो बंद करतो. वायरिंग करणाऱ्याने त्याचीच जोडणी लोंबकळत ठेवली होती! म्हणूनच गार गाडी खूष आणि तापलेली गाडी नाखूष. शिवाय अर्थिंगची तार रंगावरच कसली होती. मिस्त्रींनी रंग खरवडून ती उघड्या धातूवर बसविली. अर्ध्या तासाचे काम.

चारचाकी ऑटोमॅटिक गाडीत प्रकरण थोडे वेगळे. १९३९ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील गाडीसाठी हायड्रामॅटिक आला, तेव्हा त्याचा सारा कारभार तेलाच्या दाबावर चाले. १९८० नंतरच्या गाड्यांत हळूहळू विजेचा मेंदू आला. तेथे वीजकामानंतर गियर बदलेनासा झाला किंवा एकाच गियरमध्ये अडकला, तर गियरपेटी उघडू देण्यापूर्वी बॅटरीचा दाब मोजावा (बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, चालू गाडीत साधारण १४), इंजिन व सांगाडा यांमधली अर्थिंगची पट्टी पाहावी आणि संगणकाने नोंदलेले दोष पुसण्याआधी लिहून घ्यावेत. दांडा पार्कमधून हलतच नसेल तर ब्रेकचे दिवे लागतात का, ते पाहावे. ब्रेक दाबल्याची खूण पटल्याशिवाय कुलूप सुटत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत ती खूण ब्रेकच्या दिव्यांच्या स्विचकडूनच येते. बॅटरी काढली असल्यास पेटीने शिकलेल्या सवयी पुसल्या जातात. काही किलोमीटर ती धक्के देते व मग बहुधा स्थिरावते.

आत्याने दुसऱ्या दिवशी दोन चढ चढून चार घरी कपडे पोचविले. मिस्त्रींनी पट्ट्याचे झाकण उघडून रुंदी मात्र मापून घेतली होती. दिवाळीपूर्वी तो बदलावा लागेल, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.