यंत्रापाशीं उभा राहिलेला विद्यार्थी

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलें, आणि पुढें भोसरीपासून चाकणपर्यंतचा मुलूख यंत्रांनीं भरून गेला. या टापूंतील महाविद्यालयांतल्या मुलामुलींना आतां पुष्कळदां एखाद्या व्यवसायाच्या प्रत्यक्ष कामावर स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. तो कसा करावा, याविषयीं आज बोलणार आहें.

‘वाहनधंद्यांतील गुणवत्ता’ हा विषय नव्हे. तो समुद्र झाला. लेथवरील टर्नर आपला जॉब केव्हां मोजतो, एवढा प्रश्न एका सत्राला पुरून उरतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें हाच प्रश्न घेतला. भोसरीच्या एका लहान कारखान्यांत भिंतीवर कागद होता: दर दहाव्या जॉबला मायक्रोमीटर लावावा. तिनें तो उतरून घेतला, सुपरवायझरांनीं तेंच सांगितलें, आणि दोन दिवसांत अहवाल तयार! मीं म्हटलें, “बाई, आतां आठवडाभर नुसती उभी राहून पाहा.”

तेव्हां तिला दिसलें कीं, टर्नर दहा मोजीत नाहीं. टूलची धार बोथटली कीं आवाज बदलतो. आवाज बदलला कीं तो मोजतो. नवें टूल लावल्यावर पहिले तीनचार जॉब तो ओळीनें तपासतो. हें कागदावर कोठेंच नव्हतें. व्यवसायाचें ज्ञान असें हातांत आणि कानांत राहतें.

येथें एक सावधगिरी. मालकाची परवानगी ही दाराची परवानगी. यंत्रापाशीं उभें राहण्याची परवानगी टर्नरनेंच द्यावयाची. त्यास न विचारतां घड्याळ तर काढूंच नये. अमेरिकेंत १९११ च्या ऑगस्टांत वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रकारखान्यांत टेलरसाहेबांच्या पद्धतीनें घड्याळ लावून काम मोजूं लागतांच ओतशाळेच्या कामगारांनीं काम बंद केलें होतें. वही घेऊन आलेला विद्यार्थी कोणाचा माणूस, ही शंका आजही तितकीच रास्त आहे.

पुढची अडचण खरी अवघड. लोखंडाचा कीस झटपट काढतां यावा म्हणून हा टर्नर यंत्राची सुरक्षा-जाळी उघडी ठेवीत असे. आणि तो होता कंत्राटी. लिहावें तर त्याची भाकरी जाईल, न लिहावें तर अहवाल खोटा आणि त्याचा हात धोक्यांत. नांव वगळलें म्हणजे झालें, असें मुलीस वाटलें. परंतु आठ माणसांच्या कारखान्यांत ‘दुसऱ्या पाळीचा टर्नर’ म्हणणें म्हणजे नांव छापणेंच होय.

मीं तिला त्याच्याकडेच पाठविलें. चहाच्या सुटींत त्यानें कारण सांगितलें: दर वेळीं जाळी लावूं गेल्यास ठरलेला आंकडा भरत नाहीं. मग तिनें माणसाविषयीं न लिहितां जाळीच्या रचनेविषयीं आणि त्या आंकड्याविषयीं लिहिलें. कारखाना व पाळी दोन्हीं वगळलीं. आणि तीं पानें त्यास मराठींत वाचून दाखविलीं. एक परिच्छेद त्याच्या सांगण्यावरून खोडला. त्यामुळें अहवाल थोडा लंगडा झाला, हें मला मान्य आहे. परीक्षकांनींही तसें म्हटलें.

जाळी बदलली कीं नाहीं, तें तिनें मला अद्याप कळविलेलें नाहीं.