थिजणारें आणि विरजणारें प्लॅस्टिक

तूप थंडीनें थिजतें आणि उबेनें पुन्हां पातळ होतें. परंतु दुधाचें एकदां दहीं झालें, कीं त्याचें पुन्हां दूध होत नाहीं. यंत्रांचे भाग ज्या प्लॅस्टिकचे बनवितात, त्याच्या दोन जातींत असाच भेद आहे.

पहिली जात थर्मोप्लॅस्टिकची. नायलॉन व पॉलिथिन हीं तिचीं परिचित उदाहरणें होत. त्यांचे दाणे तापवून वितळवितात आणि तो रस मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत भरतात. निवतांच भाग तयार! तथापि असा सांचा फार महाग पडत असल्यामुळें हजारों नग काढावयाचे असतील तरच तो परवडतो.

दुसरी जात ओतीव पॉलियुरेथेनची. ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं जर्मनींत लेव्हरकुसेन येथें १९३७ सालीं पॉलियुरेथेनचा शोध लावला. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव मोजून मिसळले, कीं त्यांचा संयोग होऊन घट्ट पदार्थ बनतो. येथें मोठा दाब लागत नाहीं. म्हणून सिलिकोन रबराचा स्वस्त सांचाही चालतो. तो सुमारें वीस-पंचवीस नगांनंतर निकामी होतो. पण नमुन्यादाखल थोडेच भाग हवे असतां तेवढे पुरतात.

हा सोईचा मार्ग निर्धोक मात्र नव्हे. आयसोसायनेटच्या वाफेनें कामगारांस दमा जडूं शकतो. म्हणून खेळती हवा व श्वसनरक्षण अत्यावश्यक होय. शिवाय मोडलेला ओतीव भाग वितळवून पुन्हां वापरतां येत नाहीं; थर्मोप्लॅस्टिकचा साधारणतः येतो. तेव्हां निवड करतांना सांच्याच्या किमतीबरोबर कामगाराचा श्वास आणि मोडीची विल्हेवाट यांचाही विचार झाला पाहिजे.