एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतात का? समजून घ्या गणित

शहरात घर परवडत नाही म्हटलं की आपण बिल्डरचा नफा, जमिनीचा भाव आणि बँकेचं व्याज यांना दोष देतो. पण घराच्या किमतीत आणखी एका गोष्टीचा मोठा हात असतो. ती म्हणजे महापालिकेची विकास नियंत्रण नियमावली. कुठल्या प्लॉटवर किती बांधायचं, हे त्यात ठरतं.

एफएसआय म्हणजे काय?

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉट १००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १ असेल, तर सगळे मजले मिळून १००० चौरस मीटर बांधकाम करता येतं. जिने, लिफ्ट वगैरे बाजूला ठेवलं, तर त्यात ५० चौरस मीटरचे २० फ्लॅट होतील. समजा जमीन १० कोटींची आहे. मग प्रत्येक फ्लॅटवर जमिनीचाच बोजा ५० लाखांचा पडतो. एफएसआय २.५ केला तर ५० फ्लॅट होतील आणि हाच बोजा २० लाखांवर येईल.

मुंबईत १९९१ च्या नियमावलीत मूळ एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरात १ होता. जागा कमी, माणसं जास्त आणि त्यावर ही मर्यादा. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. नियमात बसणारं घर परवडत नसेल, तर माणूस नियमाबाहेर घर शोधतो.

मग आता तर एफएसआय वाढलाय ना?

वाढलाय, पण फुकट नाही. २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीतही मूळ एफएसआय तेवढाच राहिला. त्यावरचा एफएसआय सरकार आणि पालिकेला प्रीमियम भरून किंवा टीडीआर विकत घेऊन मिळतो. रस्ता जितका रुंद, तितका जास्त. हा खर्च शेवटी फ्लॅटच्या किमतीत येतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षभरासाठी प्रीमियम निम्मा केला होता. ही सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची, अशी अट होती.

दुसरी अडचण म्हणजे एफएसआय वाढणार हे जमीनमालकालाही कळतं आणि तो भाव वाढवतो. तिसरी अडचण फ्लॅटच्या आकाराची. वरच्याच प्लॉटवर २.५ एफएसआय वापरून बिल्डरने २०० चौरस मीटरचे आलिशान फ्लॅट काढले, तर फक्त १२ होतील. म्हणजे बांधकाम अडीचपट झालं आणि घरं आधीच्या २० पेक्षाही कमी!

२० टक्क्यांचा नियम

यावर उपाय म्हणून महाराष्ट्राने २०१३ मध्ये सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम आणला. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर प्रकल्प करायचा, तर २० टक्के हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. ही छोटी घरं म्हाडाच्या माध्यमातून पात्र कुटुंबांना मिळतात.

कल्पना चांगली आहे, पण पळवाट मर्यादेतच आहे. प्लॉट ४००० च्या जरा खाली दाखवला की नियम लागू होत नाही. त्यामुळे पालिका आणि म्हाडा नोंदी किती काटेकोरपणे तपासतात, यावर सगळं अवलंबून राहतं.

जगात कुठे जमलंय?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जास्त घरं बांधायला परवानगी दिली. पुढच्या पाच वर्षांत घरांचे वार्षिक परवाने जवळपास दुप्पट झाले. तिथे सूट मोजक्या टॉवरपुरती नव्हती. ती बहुतेक शहराला मिळाली. त्यामुळे एकाच प्लॉटचा मालक अडून बसू शकला नाही.

अर्थात, माणसं वाढली की पाणी, ड्रेनेज आणि लोकलमधली गर्दीही वाढते. त्याची सोय आधी व्हायला हवी.

म्हणून पुढच्या वेळी 'एफएसआय वाढला' अशी बातमी आली, तर तीन गोष्टी बघा. छोट्या घरांची अट आहे का? प्रीमियम किती आहे? आणि पाण्याचं काय? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर टॉवर उंच होतील, पण तिथे काम करणारी माणसं मात्र विरार-बदलापूरहून लोकलला लटकतच येतील.