तीन बोटं आणि वीस वर्षं

शांघायमधल्या ५१९ कापड कारखान्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायका एका मोठ्या प्रयोगात सामील झाल्या, त्याला आता साडेतीन दशकं होत आली. १९८९ ते १९९१ या काळात कारखान्यांची सरमिसळ करून दोन गट पाडले गेले. एका गटातल्या बायकांना स्वतःचे स्तन स्वतः कसे तपासायचे हे शिकवलं. सिलिकॉनच्या नमुन्यांवर हात बसवून घेतला, अधूनमधून आठवण करून दिली, जाणकारांच्या देखत पुन्हा करूनही घेतलं. दुसऱ्या गटाला यातलं काहीच शिकवलं नाही. दहा-अकरा वर्षांनी हिशेब झाला. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगानं १३५ बायका दगावल्या होत्या आणि न शिकवलेल्या गटात १३१. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. शिकवलेल्या बायकांमध्ये निरुपद्रवी गाठी जवळपास दुप्पट सापडल्या, म्हणजे सुई तपासणी, बायोप्सी आणि निकाल हाती येईपर्यंतची धाकधूक विनाकारण अनेकींच्या वाट्याला आली.

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक एचआर खात्यानं हा प्रयोग माहीत करून घ्यायला हवा. कारण ऑक्टोबर आला की अनेक कंपन्यांत गुलाबी फिती वाटल्या जातात, कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये अर्ध्या तासाचं व्याख्यान होतं, आरशासमोर उभं राहून काय करायचं याचं पत्रक हातात पडतं. या ‘जागृती महिन्या’ची सुरुवात १९८५ साली अमेरिकेत झाली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीला त्यात एका औषध कंपनीचा विभाग होता, आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे गाजलेलं औषध याच कंपनीचं. टॅमॉक्सिफेननं लाखो बायका जगल्या आहेत, तेव्हा यात काळंबेरं शोधायचं कारण नाही. पण माहिती देणं आणि जीव वाचवणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते मोजायला प्रयोग लागतो. प्रयोगाला पैसा लागतो आणि पैशाहूनही जास्त चिकाटी.

अशी चिकाटी मुंबईनं दाखवली. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयानं मुंबईच्या झोपडवस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर एक चाचणी सुरू केली. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. गौरवी मिश्रा ही त्यातली प्रमुख नावं. वीस वस्त्या घेतल्या, दहा इकडे, दहा तिकडे. एका बाजूच्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. जेमतेम दहावी झालेल्या, पण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका हे काम करत. मधल्या तीन बोटांची पेरं, लहान लहान वर्तुळं आणि तीन प्रकारचा दाब: कातडीखालचं कळावं म्हणून हलका, आतलं कळावं म्हणून मध्यम, बरगडीपर्यंत पोचावं म्हणून खोल. सगळा स्तन आणि काख, एकही पट्टा न सोडता.

मॅमोग्राफी का नाही, असं कुणी विचारेल. यंत्र महाग, क्ष-किरण चित्र वाचणारे तज्ज्ञ मोजके. शिवाय तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते, ती चित्रात पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. ज्या देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये जेमतेम एकीची कधी तरी स्तनतपासणी झालेली असते (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी हेच सांगते), तिथं आधी हाताचा विचार करणं शहाणपणाचं होतं.

तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. पुढची अनेक वर्षं दर दोन वर्षांनी घरोघर जाऊन विचारपूस. वस्त्या पाडल्या गेल्या, माणसं विरार-पनवेलच्या बाजूला गेली, तरी पाठपुरावा चालूच. निकाल २०२१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडत होता: तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्यांचं प्रमाण ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणालं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते, आणि हा आकडा पक्का ठरला. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही.

या चाचणीवर टीकाही झाली. न तपासलेल्या गटाला इतकी वर्षं नुसतं आरोग्यशिक्षण देऊन तसंच ठेवणं योग्य होतं का, हा वाद विशेषतः याच चाचणीतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या भागावरून रंगला. तो वाद खोटा नव्हता. पण हातात आलेली माहिती सोन्याची आहे, हेही खरं.

कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर शांघायनं पार्ट बनवणाऱ्यालाच इन्स्पेक्शन करायला लावलं, मुंबईनं प्रशिक्षित इन्स्पेक्टर बसवला.

आता चाकणमध्ये या. वायरिंग हार्नेसच्या, इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या लाइनवर ज्या मुली उभ्या असतात, त्यातल्या बहुतेक विशी-तिशीतल्या. कंपनीचं शिबिर भरतं ते त्यांच्यासाठी. अहवालात ‘इतक्या महिलांची तपासणी’ असा आकडा जातो, फोटो निघतो. आणि जिच्या बाबतीत तपासणीनं मरण टळू शकतं हे सिद्ध झालंय ती बाई गेटच्या आतच येत नाही. ती या मुलीची आई असते, सासू असते, खोली भाड्यानं देणारी घरमालकीण असते. फार तर हाउसकीपिंगमध्ये किंवा कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटताना आत सापडेल, तीही ठेकेदाराच्या हजेरीवर. शिबिराचा तंबू गेटबाहेर, खराबवाडीत किंवा मेदनकरवाडीत टाकला आणि त्याच तीन बोटांची तपासणी दर दोन वर्षांनी न चुकता केली, तर त्याच पैशात कितीतरी जास्त काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे. याचा अर्थ तरुण मुलीनं गाठ लपवावी असा मुळीच नाही. कुठल्याही वयात गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं, तर डॉक्टर गाठायचा. आणि कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के इतका वाढीव आजारपण भत्ता मिळू शकतो, ही गोष्ट त्या पत्रकात आरशाच्या चित्राच्या वर छापायला हवी. ‘रजा घेतली तर काम जाईल’ या भीतीनं गाठ सहा-सहा महिने अंगावर काढली जाते.

मुंबईच्या त्या चाचणीला सुरुवातीचा मोठा पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून आला. शांघायच्यालाही तिथूनच. तिकडे अशा संशोधनासाठी पैसा गोळा करण्याच्या तऱ्हाही निराळ्या. १९९८ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक तिकीट काढलं, नेहमीच्या किमतीहून थोडं महाग. वरचे सेंट संशोधनाला जायचे. त्यातून आजवर नऊ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे.

आपल्याकडे पैशाचा मोठा झरा आहे तो सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. सरकारी संशोधन संस्थांना देणगी देणंही त्यात बसतं. अडचण वेळेची आहे. सीएसआरच्या नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मुंबईच्या चाचणीचं उत्तर यायला वीस वर्षं लागली. चौथ्या वर्षानंतर कंपनीनं हात आखडता घेतला असता, तर आपल्याकडे चार वर्षांचे फोटो उरले असते.

तरीही या पट्ट्यातूनच एक बरी सुरुवात झाली आहे. आकुर्डी आणि चाकण म्हटलं की जिचं नाव तोंडी येतं त्या बजाज ऑटोनं पुण्यातल्या ‘आयसर’ आणि डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांचं प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांच्या संयुक्त संशोधन केंद्राला पैसा दिला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे नमुने रुग्णाच्या संमतीनं जपून ठेवणारी ऊतिपेढी तिथं उभी राहिली आहे, आणि भर आहे तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारावर. या पेशींमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू हे तिन्ही ग्राही (रिसेप्टर) नसतात, म्हणून टॅमॉक्सिफेनसारखी नेम धरून मारणारी औषधं तिथं निकामी. भारतात या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा लक्षणीय जास्त आहे. तिकडच्या रुग्णांवर झालेलं संशोधन इथं जसंच्या तसं लागू करून भागत नाही, ते यासाठी.

काही प्रश्न तर असे असतात की ते कुठलीही औषध कंपनी विचारणारच नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी असाच एक विचारला. शस्त्रक्रियेत गाठीला हात लागतो, त्या हाताळणीत काही पेशी निसटून शरीरात पसरत असतील का? मग कापण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं तर? लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत देतात ते बधिर करणारं औषध. पेशी सरकण्यासाठी सोडियमच्या ज्या वाटा वापरतात, त्या ते बंद करतं. देशातल्या ११ केंद्रांत १६०० बायकांवर चाचणी झाली. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. बाहेरच्या देशांतही हे पडताळून पाहायला हवं. पण खर्च शंभर रुपयांच्या आत, आणि पेटंट नाही, म्हणजे नफाही नाही. पैसा सरकारचा होता. याच पट्ट्यातल्या पिंपरीला ही गोष्ट नवी वाटू नये. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी इथं उभी राहिली तीही सरकारी पैशावर, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं.

मग या पट्ट्यानं स्वतःचा कोणता प्रश्न विचारावा? माझ्या मते, थर्ड शिफ्टचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. ‘बहुधा’ यासाठी की माणसांवरचा पुरावा अजून पुरेसा नाही. रात्रीच्या उजेडात मेलाटोनिन हे संप्रेरक कमी तयार होतं, शरीराचं घड्याळ बिघडतं, असा एक तर्क आहे. डेन्मार्कनं तर वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या काही कर्करोगग्रस्त बायकांना नुकसानभरपाईही दिली. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कारखाना कायद्यात बदल करून अटींसह बायकांना रात्रपाळीची मुभा दिली. त्याला विरोध करण्यासाठी मी हे लिहीत नाही, त्या पाळीच्या पगारावर घरं चालतात. पण परदेशी अभ्यासांतली मोठी अडचण अशी की ‘वीस वर्षांपूर्वी महिन्यात किती रात्रपाळ्या केल्या?’ हे बायकांना आठवून सांगावं लागतं. इथं ते आठवायची गरजच नाही. बायोमेट्रिक हजेरीत तारीख-वार पाळी नोंदलेली आहे. ठेकेदार बदलला, कंपनी बदलली, तरी भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) तोच राहतो. त्या त्या बाईची संमती घेऊन आणि नावाची गुप्तता सांभाळून या नोंदी कर्करोग नोंदणीशी जोडता येतील. ही नोंदणी आपल्याकडे नवी नाही. देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत सुरू केली आणि पुढं तिचं काम पुण्यातही आलं.

आज लाइनवर उभी असलेली पंचविशीतली मुलगी पन्नाशीला पोचेल तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळेल. तोवर हजेरीच्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत एवढी व्यवस्था या वर्षीच करावी लागेल. तीन-चार वर्षांच्या सीएसआर प्रकल्पात हे बसणार नाही. पण दोन टक्के ही कायद्यानं घातलेली किमान मर्यादा आहे, आणि चौथ्या वर्षानंतर नफ्यातून स्वखुशीनं पैसे द्यायला कुठल्याही कलमानं मनाई केलेली नाही.